बाकावरची चौदा वर्षं

14 नोव्हेंबर 1993. फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियमवर मायामी डॉल्फिन्सचा सामना चालू होता आणि सगळ्यांचं लक्ष पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांवर होतं. डॉन शूला यांच्या नावावर 324 विजय जमा झाले होते, म्हणजे जॉर्ज हॅलस यांच्या विक्रमाशी बरोबरी. आज जिंकले तर अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी प्रशिक्षक तेच ठरणार होते. पण संघ अडचणीत होता. पहिला क्वार्टरबॅक डॅन मरिनो महिन्याभरापूर्वीच टाचेमागचा स्नायुबंध तुटून बाहेर पडला होता. त्याच्या जागी आलेला स्कॉट मिचेलही त्या दिवशी खांद्याला मार बसून बाहेर गेला. उरला तिसरा. पंचवीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एकाही संघाने न घेतलेला, संघातून काढलेला आणि पुन्हा बोलावलेला डग पेडरसन.

त्याने काही पराक्रम गाजवला नाही. चेंडू हातातून सुटू दिला नाही, वेळ काढली, गरजेपुरते पास टाकले. डॉल्फिन्सनी सामना 19-14 असा जिंकला, खेळाडूंनी शूला यांना खांद्यावर उचललं आणि तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकचं नाव दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मधल्या कुठल्यातरी परिच्छेदात गेलं. त्या दिवशी हरलेल्या यजमान संघाचं नाव फिलाडेल्फिया ईगल्स. पुढे पंचवीस वर्षांनी, 2018 मध्ये, त्याच ईगल्सच्या स्टेडियमबाहेर पेडरसनचा पुतळा बसवला गेला. खेळाडू म्हणून नाही, प्रशिक्षक म्हणून.

मधल्या काळात काय घडलं, हे समजायला आधी क्वार्टरबॅक म्हणजे काय ते पाहावं लागेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा विरुद्ध अकरा असतात, मैदान शंभर यार्डांचं. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. एकेका संधीला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड गाठले की पुन्हा चार नव्या संधी, नाही गाठले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. म्हणून चौथ्या डाउनला बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत. चेंडू लांब लाथाडून देतात किंवा गोल जवळ असेल तर लाथेने खांबांमधून मारून तीन गुण घेतात. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली, तर मात्र सहा गुण, त्याला ‘टचडाउन’ म्हणतात.

या सगळ्यात प्रत्येक चाल आधी ठरलेली असते. कोण कुठे धावणार, कोण कुणाला अडवणार, चेंडू कुणाकडे जाणार, हे अकराही जणांना पाठ असावं लागतं. चाल प्रशिक्षक निवडतो आणि 1994 पासून ती रेडिओवरून थेट क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये सांगतो. चाल सुरू करायच्या घड्याळावर पंधरा सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. समोरच्या बचावफळीची मांडणी वाचायची, गरज पडली तर चाल बदलायची, चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत कुणाकडे टाकायचा ते ठरवायचं, आणि तेही शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. या खेळात दुसऱ्या कुठल्याही खेळाडूवर एवढा भार नसतो.

असा खेळाडू निवृत्त झाल्यावर उत्तम प्रशिक्षक होईल, असं कुणालाही वाटेल. ज्याने सगळं केलं, तो सगळं शिकवेलच. इतिहास मात्र वेगळं सांगतो. ग्रीन बे पॅकर्सला पहिले दोन सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकून देणारा बार्ट स्टार त्याच संघाचा नऊ हंगाम प्रशिक्षक होता. नियमित हंगामांत 52 विजय, 76 पराभव, दोन बरोबरी. नॉर्म व्हॅन ब्रॉकलिनने 1960 मध्ये ईगल्सना अजिंक्यपद मिळवून दिलं. प्रशिक्षक म्हणून त्याचे 66 विजय आणि शंभर पराभव झाले. दुसऱ्या बाजूला गॅरी कुबियाक नऊ हंगाम जॉन एलवेच्या मागे राखीव म्हणून उभा राहिला आणि त्याच डेन्व्हर संघाला प्रशिक्षक म्हणून त्याने फेब्रुवारी 2016 मध्ये सुपर बोल जिंकून दिला. टॉम फ्लोरेस कॅन्सस सिटीच्या विजेत्या संघात राखीव क्वार्टरबॅक होता. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने रेडर्सना दोन सुपर बोल दिले.

ही चार-दोन नावं म्हणजे नियम नव्हे. पण मला यामागे एक कारण दिसतं. अव्वल क्वार्टरबॅकला जे दिसतं ते त्याला आपोआप दिसतं. कसं दिसतं, हे त्याला सांगता येईलच असं नाही. राखीव खेळाडूला आपोआप काही मिळत नाही. त्याला ते शब्दांत, आकृत्यांत, कारणांसकट शिकावं लागतं, कारण सरावातली बहुतेक आवर्तनं पहिल्या खेळाडूच्या वाट्याला जातात आणि याला नुसतं पाहून तयार राहायचं असतं.

राखीव क्वार्टरबॅकचा आठवडा पाहण्यासारखा असतो. पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक सरावात त्यानेच व्हायचं. त्याच्यासारखं पावलं टाकायचं, त्याच्यासारखा पास टाकायचा, म्हणजे आपल्या बचावफळीला सवय होईल. दर आठवड्याला एका नव्या माणसाची नक्कल. त्यासाठी त्या माणसाचं चित्रीकरण पाहायचं, तो कशाला बिचकतो ते शोधायचं. सामन्याच्या दिवशी कानाला हेडफोन लावून मैदानाच्या कडेला उभं राहायचं, प्रशिक्षकांचं आपसातलं बोलणं ऐकायचं, कुठली चाल का निवडली आणि कुठली का टाळली ते ऐकायचं. पहिला खेळाडू परत आला की त्याला काय दिसलं ते विचारायचं आणि आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. पेडरसन याशिवाय एक बारीक काम करायचा. लाथ मारणाऱ्यासाठी गुडघ्यावर बसून चेंडू जमिनीवर उभा धरून ठेवायचं. चेंडू हवेतून येतो, तो झेलायचा, टेकवायचा, शिवण समोर फिरवायची आणि बोट अलगद वर ठेवायचं, हे सगळं सव्वा सेकंदाच्या आसपास. नीट झालं तर कुणी नाव घेत नाही.

चौदा वर्षं त्याने हे केलं. मायामीत मरिनोच्या मागे. मध्ये न्यूयॉर्क-न्यू जर्सी नाइट्स आणि जर्मनीतल्या ऱ्हाइन फायर या ‘वर्ल्ड लीग’च्या संघांत, जिथे एनएफएल या मुख्य लीगमध्ये जागा न मिळालेले खेळाडू जात. मग ग्रीन बेमध्ये ब्रेट फावरच्या मागे, जिथे त्याला संघाबरोबर सुपर बोलची अंगठीही मिळाली. फावरच्या मागे राखीव असणं म्हणजे कधीच न खेळणं, कारण फावर एकही सामना सोडत नसे. पण ग्रीन बेच्या त्या खोलीत क्वार्टरबॅकना शिकवायला अँडी रीड नावाचे प्रशिक्षक होते. रीड यांनी या माणसातली एक गोष्ट हेरली. त्याच्या हातात फार जोर नाही, पाय वेगवान नाहीत, पण संपूर्ण पद्धत त्याच्या डोक्यात आहे आणि तो ती दुसऱ्याला समजावून सांगू शकतो.

1999 मध्ये रीड ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी पेडरसनला बरोबर नेलं. काम ठरलेलं होतं. त्या वर्षी निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला तरुण डोनोव्हन मॅकनॅब तयार होईपर्यंत जागा सांभाळायची आणि त्याला तयार करायचं. थोडक्यात, आपली जागा घेणाऱ्याला आपणच शिकवायचं. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी मॅकनॅबच्या निवडीच्या दिवशीच हुर्यो उडवली होती. पेडरसन मैदानात उतरला तेव्हा त्यालाही तेच ऐकावं लागलं. नऊ सामन्यांची सुरुवात त्याने केली, दोन जिंकले, सात हरले. मग 14 नोव्हेंबर 1999 रोजी मॅकनॅबने पहिल्यांदा सामन्याची सुरुवात केली. शूला यांच्या विक्रमाचा दिवस ते हा दिवस, तारीख तीच, शहर तेच, मध्ये बरोबर सहा वर्षं.

पुढच्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये आठ सामन्यांत एक विजय. मग पुन्हा ग्रीन बे, पुन्हा फावरच्या मागे. 2004 च्या हंगामात पाठीला मार बसला आणि खेळणं संपलं. सुरुवात केलेले एकूण सामने 17, विजय 3, पराभव 14. बारा टचडाउन पास, एकोणीस प्रतिस्पर्ध्यांच्या हातात. या आकड्यांवरून पाहिलं तर कारकीर्द इथे विसरून जाण्याजोगी.

यानंतर एनएफएलमध्ये कुणाच्या तरी हाताखाली नोकरी मागणं सोपं होतं. त्याऐवजी तो लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी कॅल्व्हरी बाप्टिस्ट अकॅडमी नावाच्या शाळेत प्रशिक्षक म्हणून गेला. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, ज्यांतल्या बहुतेकांना पुढे कधी फुटबॉल खेळायचा नव्हता. चार हंगामांत चाळीस विजय, अकरा पराभव. मला हा त्याच्या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. व्यावसायिक खेळाडूला ‘हे असं कर’ म्हटलं की तो करतो, कारण त्याचा पगार त्यावर असतो. शाळेतल्या मुलाला आधी पटावं लागतं. त्याला जमत नसेल तर चाल बदलावी लागते, मुलगा बदलता येत नाही.

2009 मध्ये रीड यांनी त्याला ईगल्समध्ये परत बोलावलं, तेही प्रशिक्षकांच्या उतरंडीतल्या शेवटच्या पायरीवर, चित्रीकरण छाटणं आणि तक्ते करणं या कामासाठी. दोन वर्षांनी तो क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक झाला. 2012 मध्ये निक फोल्स नावाचा उंच, शांत मुलगा तिसऱ्या फेरीत निवडून आला, तो याच्याच हाताखाली. 2013 मध्ये रीड कॅन्सस सिटीला गेले, पेडरसन त्यांच्याबरोबर आक्रमणाचा समन्वयक म्हणून गेला. आणि जानेवारी 2016 मध्ये ईगल्सनी त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. व्यावसायिक पातळीवर मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य. पहिल्या हंगामात सात विजय, नऊ पराभव. 2017 चा हंगाम सुरू होताना एका माजी संघ-अधिकाऱ्याने जाहीरपणे लिहिलं की आपल्या तीस वर्षांच्या अनुभवात इतका अपात्र प्रशिक्षक पाहिलेला नाही.

त्या हंगामात ईगल्स जिंकतच सुटले. तरुण क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरणार अशी चर्चा होती. 10 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये रेषेकडे झेप घेताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. हंगाम संपत आलेला, संघ अव्वल स्थानावर आणि हातात राखीव क्वार्टरबॅक. तो होता फोल्स. मधल्या काळात तो दोन संघांतून फिरून आला होता, खेळ सोडायच्या विचारात होता आणि त्याच वर्षी राखीव म्हणून परतला होता.

आता त्या प्रशिक्षकांच्या खोलीकडे पाहा. मुख्य प्रशिक्षक पेडरसन, आयुष्यभर राखीव. त्याचा आक्रमणाचा समन्वयक फ्रँक राइख, तोही बफेलो बिल्समध्ये जिम केलीचा वर्षानुवर्षांचा राखीव. 3 जानेवारी 1993 रोजी केली जखमी असताना राइखने ह्यूस्टनविरुद्ध 3-35 अशा पिछाडीवरून 41-38 असा सामना जिंकून दिला होता. पुढे जवळजवळ तीस वर्षं लीगमधलं ते सर्वांत मोठं पुनरागमन होतं. अचानक हाक आल्यावर राखीव माणसाच्या पोटात काय होतं, हे या दोघांना कुणी सांगायला नको होतं.

फोल्स सुरुवातीला अडखळला. नियमित हंगामाचा शेवटचा सामना डॅलसविरुद्ध ईगल्स 0-6 असा हरले. मग या मंडळींनी फोल्सच्या 2013 च्या हंगामाचं जुनं चित्रीकरण काढलं. त्या वर्षी त्याने 27 टचडाउन पास टाकले होते आणि फक्त दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेले होते. तेव्हा त्याला कुठल्या चाली आवडत होत्या, कुठे तो विचार न करता पास टाकत होता, हे शोधून त्या चाली पुन्हा वहीत घातल्या. वेन्ट्झसाठी बेतलेलं आक्रमण फोल्सवर लादलं नाही. श्रीव्हपोर्टच्या शाळेत जे करत होता तेच पेडरसनने इथे केलं. बाद फेरीत अटलांटाला 15-10 असं हरवलं, मिनेसोटाला 38-7.

4 फेब्रुवारी 2018, मिनिआपोलिस. सुपर बोल. समोर न्यू इंग्लंड पेट्रिअट्स आणि टॉम ब्रेडी. मध्यंतराला 38 सेकंद बाकी, ईगल्स 15-12 असे पुढे, चेंडू रेषेपासून एक यार्डावर, डाउन चौथा. शहाणपण सांगत होतं की लाथ मारा, तीन गुण घ्या. पेडरसनने वेळ थांबवायला सांगितली. फोल्स कडेला आला आणि त्याने विचारलं, ‘फिली फिली?’ पेडरसनने क्षणभर हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, चला, करू या. ध्वनिमुद्रणात हे सगळं दोन-तीन सेकंदांत संपतं.

वहीत या चालीचं नाव ‘फिली स्पेशल’ होतं. तरुण सहायक प्रशिक्षक प्रेस टेलर अशा फसव्या चाली जमवून ठेवायचा. ही त्याला शिकागो बेअर्सने एक वर्षापूर्वी खेळलेल्या एका सामन्यात सापडली होती. मिनेसोटाविरुद्ध ती वापरायची वेळ आली नाही, म्हणून पेट्रिअट्सना ती माहीत नव्हती. फोल्स आपल्या जागेवरून चालत उजवीकडे, अडवणाऱ्यांच्या रांगेमागे गेला, जणू त्यांना काही सूचना देतोय. तो असा बोलत असतानाच चेंडू थेट धावपटू कोरी क्लेमेंटच्या हातात आला. क्लेमेंट डावीकडे धावला, बचावफळी त्याच्याकडे ओढली गेली. डावीकडून उलट्या दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टनला त्याने चेंडू हळूच दिला. बर्टन कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकही खेळला होता. आणि ज्याला आता कुणी मोजत नव्हतं तो फोल्स, रेषा ओलांडून कोपऱ्यात एकटा उभा. बर्टनने चेंडू टाकला, फोल्सने छातीजवळ झेलला. लाथेच्या एका गुणासह 22-12. सुपर बोलमध्ये टचडाउनचा पास टाकणारा आणि झेलणारा तो पहिला खेळाडू.

थोड्याच वेळापूर्वी पेट्रिअट्सनीही ब्रेडीकडे असाच पास टाकला होता. तो त्याच्या बोटांना लागून निसटला होता.

सामना तिथे संपला नव्हता. ब्रेडीने त्या दिवशी 505 यार्डांचे पास टाकले आणि शेवटची साडेपाच मिनिटं उरली तेव्हा पेट्रिअट्स 33-32 असे पुढे होते. ईगल्स स्वतःच्याच अर्ध्या मैदानात, पुन्हा चौथा डाउन, एक यार्ड हवा. इथे चुकलं असतं तर सामना जवळजवळ गेला असता. पेडरसनने पुन्हा लाथ मारली नाही. फोल्सने झॅक अर्ट्झकडे छोटासा पास टाकला, दोन यार्ड मिळाले. त्याच घोडदौडीच्या शेवटी, दोन मिनिटं 21 सेकंद असताना, अर्ट्झनेच टचडाउन केला. सामना 41-33 असा संपला. फिलाडेल्फियाचा पहिला सुपर बोल विजय आणि 1960 नंतरचं पहिलं अजिंक्यपद. चौथ्या डाउनला धोका पत्करण्यामागे पेडरसनचं धाडस होतं असं लिहिलं जातं. ते खरंच आहे, पण त्यामागे आकडेमोडही होती. संघाचे आकडेतज्ज्ञ कुठल्या यार्डावर किती शक्यता आहे हे त्याला सतत कळवत असत. ऐकायचं कसं, हे तो चौदा वर्षं हेडफोन लावून शिकला होता.

पुढचे दोन हंगाम बरे गेले. 2020 चा हंगाम चार विजय, अकरा पराभव आणि एका बरोबरीवर संपला. शेवटच्या सामन्यात ईगल्स तीनच गुणांनी मागे असताना त्याने तरुण जेलन हर्ट्सला बाहेर बोलावून तिसऱ्या क्रमांकाच्या नेट सडफेल्डला उतरवलं. सडफेल्डलाही खेळायची संधी मिळायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. ईगल्स सामना हरले, वॉशिंग्टनला गटाचं विजेतेपद मिळालं आणि न्यूयॉर्क जायंट्सचा हंगाम त्यामुळे संपला. मला तो निर्णय चूक वाटतो. बाकावरच्या माणसाविषयीची माया समजते, पण जिंकायला उतरलेल्या बाकीच्या खेळाडूंवर तो अन्याय होता. आठ दिवसांनी त्याची नोकरी गेली.

2022 मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी त्याला घेतलं. आदल्या हंगामात त्या संघाने तीन सामने जिंकले होते आणि चौदा हरले होते, म्हणजे पेडरसनचा स्वतःचा खेळाडू म्हणूनचा हिशेब. पहिल्याच वर्षी संघ नऊ विजयांसह गटात पहिला आला. 14 जानेवारी 2023 रोजी लॉस एंजेलिस चार्जर्सविरुद्ध बाद फेरीत तरुण क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सने पूर्वार्धातच चार चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले. गुणफलक 0-27. असल्या वेळी प्रशिक्षक क्वार्टरबॅक बदलतात. पेडरसनने बदलला नाही, त्याच्यासाठीच्या चालीही आखडत्या घेतल्या नाहीत. लॉरेन्सने चार टचडाउन पास टाकले आणि शेवटच्या सेकंदाला लाथ मारून जॅक्सनव्हिल 31-30 असं जिंकलं. ते दिवस टिकले नाहीत. 2024 च्या हंगामात पुन्हा चारच विजय मिळाले आणि 6 जानेवारी 2025 रोजी त्याला निरोप मिळाला.

फिलाडेल्फियातल्या त्या पुतळ्यासाठी शिल्पकारापुढे अनेक क्षण होते. फोल्सचा झेल होता, उंचावलेला चषक होता, खेळाडूंनी प्रशिक्षकाला केलेलं आलिंगन होतं. त्यातला एकही निवडला नाही. ब्राँझमध्ये दोन माणसं समोरासमोर उभी आहेत, एक गणवेशात, एक कानाला हेडफोन लावलेला. खेळाडूने प्रश्न विचारलाय आणि प्रशिक्षक अजून ऐकतो आहे.